ब्रह्मकमळ आज रात्री उमलेल का?

आईने सांगलीहून आणलेलं एक पान कुंडीत खोचलं होतं. चौथ्या पावसाळ्यात पहिल्यांदाच तीन कळ्या आल्यात! काल खाली लोंबत होत्या, आज माना वर करून टपोऱ्या फुगल्यात. आईला बोलावून घेऊ का?

— बोलवाच ताई! मान वर आली की आज नाहीतर उद्या. नऊच्या सुमारास पाकळ्या सुटू लागतात, पहाटेपर्यंत फूल मान टाकतं.

— हे मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग, हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. पण वासाला तोड नाही! कुंडी मात्र हलवू नका, माझ्या कळ्या तशाच गळाल्या होत्या.

— साडेदहा वाजले, दोन उमलली! आत पांढरी चांदणी दिसतेय. आई खुर्ची टाकून समोरच बसलीय.