२यू (रॅकमध्ये दोन खणांच्या उंचीच्या) सर्व्हरचे पंखे थोड्या थोड्या वेळाने फुल स्पीड का घेतात?

प्रश्न (फोंडा): सुपरमायक्रोचा बोर्ड आहे. मूळ पंखे काढून कमी आवाजाचे ८० मिमीचे बसवलेत. सीपीयू ४५ अंशांवर, लोड नाही, तरी पंखे घोंघावतात, शांत होतात, परत तेच.

उत्तर १: तापमानाचा संबंध नाही. हे पंखे ४००-५०० आरपीएमवर उतरतात आणि बीएमसीची (बोर्डावर नजर ठेवणारी, पंखे चालवणारी वेगळी चिप) खालची मर्यादा त्याहून वर असते. पंखा मेला समजून बीएमसी सगळेच फुल करते. वेग वाढला की अलार्म बंद होतो, चक्र पुन्हा सुरू. मर्यादा उतरवा:
ipmitool sensor thresh FAN1 lower 100 200 300
क्रम नॉन-रिकव्हरेबल, क्रिटिकल, नॉन-क्रिटिकल. प्रत्येक पंख्याला वेगळी कमांड. बोर्ड आकडे स्वतःच्या पायरीत बसवतो, तेव्हा नंतर वाचून खात्री करा.

उत्तर २: आवाज जाईल, पण खरा प्रश्न हवेच्या दाबाचा. सीपीयूवर स्वतःचा पंखा नसलेला नुसता हीटसिंक (उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा) असेल तर शांत पंखे लोडखाली पुरत नाहीत. अर्धा तास स्ट्रेस टेस्ट चालवा आणि रेड (RAID) कार्डाचंही, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाचंही, तापमान बघा. आधी तेच तापतं. एअर श्राउड (हवा सीपीयूकडे वळवणारं प्लास्टिकचं झाकण) काढून ठेवलं असेल तर आधी ते लावा.

प्रश्नकर्ता: पावसात रात्री एसी बंद ठेवला तर चालेल?

उत्तर २: नको. आपल्याकडच्या दमट हवेत थंड झालेल्या धातूवर दव धरतं. इनलेट (सर्व्हरमध्ये शिरणारी हवा) १८-२७ अंशांत ठेवा.