एक इंजिन बंद पडलं की सेमिनोल हे दोन इंजिनांचं विमान एवढं कमी का चढतं?

मल्टी-इंजिन रेटिंगचं (एकाहून जास्त इंजिनांची विमानं उडवण्याच्या परवान्याचं) प्रशिक्षण चालू आहे. सेमिनोलची दोन्ही इंजिनं १८० हॉर्सपॉवरची, कमाल वजन ३,८०० पौंड. एक बंद पडलं तर चढ निम्मा व्हायला हवा ना? मिनिटाला १,३०० फुटांवरून थेट दोनशेच्या आसपास कसा येतो?

उत्तर : निम्मी होते ती ताकद. त्यातली बरीचशी नुसतं सरळ उडण्यातच खर्च होते, उरलेल्या ताकदीवर विमान चढतं. एक इंजिन गेलं की ते उरलेलंच जवळपास संपतं.

उत्तर : आणि ते दोनशे फूट समुद्रसपाटीचे! तेही बंद प्रोपेलर फेदर (हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पाती वाऱ्याच्या दिशेने वळवलेली), चाकं वर, वेग निळ्या रेषेवर (एका इंजिनावर सर्वात चांगला चढ देणारा, वेगमापकावर निळ्या रंगात दाखवलेला वेग) असेल तर. पुणे सुमारे १,९५० फुटांवर. मे महिन्यात ४० अंशांना तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्याइतकी विरळ. पूर्ण वजनाने विमान हळूहळू खालीच येणार.

प्रश्नकर्ता : मग सर, एवढ्या वजनाला मंजुरी कशी?

उत्तर : हे विमान मंजूर झालं तेव्हाच्या अमेरिकेच्या नियमांत ६,००० पौंडांपर्यंतच्या, स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत) ६१ नॉटपर्यंत असलेल्या दोन इंजिनांच्या विमानांना एका इंजिनावर चढण्याची सक्तीच नव्हती. वजनाची खरी मर्यादा त्या दिवसाच्या तापमानावर तूच काढ. मी उन्हाळ्यात टाक्या पूर्ण भरत नाही आणि सकाळी सातच्या आत निघतो.