ट्यूबा आणि युफोनियम सहा महिने बंद राहणार आहेत. व्हॉल्व्हची काळजी कशी घ्यावी?

मंद्रसप्तक

नमस्कार. आमच्या वाद्यवृंदाची दोन पितळी फुंकवाद्ये सध्या माझ्या ताब्यात आहेत: चार पिस्टनचे (खाली-वर सरकणाऱ्या व्हॉल्व्हचे) कॉम्पेन्सेटिंग युफोनियम आणि चार रोटरी (फिरणाऱ्या) व्हॉल्व्हचा ट्यूबा. सराव किमान सहा महिने बंद राहणार असल्यामुळे दोन्ही वाद्ये पेटीत ठेवावी लागतील. मागच्या वेळी युफोनियम असेच तीन महिने न वाजवता राहिले. बाहेर काढून तिसरा पिस्टन दाबला, तर तो खाली गेला तो वर आलाच नाही. वरचे टोपण काढून पिस्टन ओढून पाहिला, तेव्हा त्याच्या भोकांच्या कडेने पांढरट-हिरवी रेघ धरलेली होती आणि खालच्या अर्ध्या भागावर मधासारखा चिकट थर होता. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो साफ करून दिला. परंतु असे का झाले, हे विचारल्यावर "तेल घालत जा" एवढेच उत्तर मिळाले. तेल तर मी ठेवताना घातले होते, आणि तेही सढळ हाताने.

जाणकारांना माझी विनंती आहे की दीर्घकाळ ठेवायचे असल्यास कोणते तेल वापरावे, पिस्टन काढून वेगळे ठेवावेत का, आणि रोटरी व्हॉल्व्ह उघडण्याच्या भानगडीत पडावे की नाही, याबद्दल मार्गदर्शन करावे.

पितळवेडा

मी माझ्या युफोनियमचे पिस्टन काढून, कोरडे पुसून, मऊ कापडात गुंडाळून वेगळे ठेवतो. पिस्टन केसिंगमध्ये, म्हणजे त्याच्या नळकांड्यात, नसलाच तर तो अडकणार कुठून, असा माझा साधा हिशोब आहे. आजवर तरी त्रास झालेला नाही.

खर्ज

पितळवेडा यांचा हिशोब वरकरणी बिनचूक आहे, तरीही मी तो सल्ला देणार नाही. पिस्टन आणि केसिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. बाहेर ठेवलेला पिस्टन एकदा जरी हातातून निसटून फरशीवर पडला आणि त्याच्या कडेला केसाएवढा ओरखडा उठला, तरी तो पुढे जागच्या जागी घासत राहतो. शिवाय रिकाम्या केसिंगच्या आतले पितळ तेलाच्या थराविना उघडे पडते. व्हॉल्व्हला सर्वांत सुरक्षित जागा त्याच्या स्वतःच्या केसिंगमध्येच आहे, मात्र तिथे तो स्वच्छ अवस्थेत गेला पाहिजे.

मंद्रसप्तक यांच्या प्रश्नाचे मूळ मला इथेच दिसते. आपण सढळ हाताने तेल घातले ते मळावर घातले. वाजवताना श्वासातली वाफ, लाळ आणि तोंडातले अन्नाचे सूक्ष्म कण आत जातात. पाणी सुकले की त्यातले क्षार मागे उरतात आणि तांब्याशी संयोग होऊन हिरवट कळक धरते. आपण पाहिलेली रेघ हीच असावी. मधासारखा थर मात्र लाळेचा नव्हे. स्लाइडला, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या नळीला, लावलेले घट्ट ग्रीस जुन्या तेलाबरोबर वाहून व्हॉल्व्हमध्ये उतरले की असा चिकटा तयार होतो. त्यावर आणखी तेल ओतणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिसरा पिस्टनच अडकावा, यातही नवल नाही, कारण पहिल्या दोघांच्या मानाने तो कमी वापरला जातो आणि त्यावरचा मळ हलण्याची संधीच मिळत नाही.

म्हणून ठेवण्याआधी युफोनियम धुवावे. पाणी कोमट असावे. कढत पाण्याने लॅकर (बाहेरचा चकचकीत लेप) सुटण्याची भीती असते. भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचे चार थेंब पुरेसे होतात. पिस्टन एका वेळी एकच काढावा, स्प्रिंग आणि फेल्टच्या चकत्या बाजूला ठेवाव्यात आणि फेल्ट भिजू देऊ नये, कारण भिजून फुगलेले फेल्ट वाळल्यावर पूर्वीच्या जाडीचे राहत नाही. मग पिस्टन किंचित वर किंवा खाली थांबतो, भोके नळ्यांसमोर नेमकी येत नाहीत, आणि आपण दोष तेलाला देत बसतो. केसिंगच्या आत ब्रश फिरवावा, परंतु ब्रशच्या तारेचे उघडे टोक आतल्या भिंतीला लागणार नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. शेवटी तंतू न सोडणारे कापड काडीला गुंडाळून आतला भाग पुसावा. पितळ चमकवण्याचे पॉलिश पिस्टनवर कधीही लावू नये. त्यात घासणारी बारीक पूड असते आणि ती ज्या फटीचे आपण रक्षण करतो आहोत तीच रुंद करते.

कॉम्पेन्सेटिंग युफोनियमबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. डेव्हिड जेम्स ब्लेकली यांनी १८७० च्या दशकात पेटंट घेतलेल्या या रचनेत चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा पहिल्या तीन व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरवली जाते, आणि त्यासाठी मागच्या बाजूला छोट्या जादा नळ्या असतात. स्वर त्यामुळे सुरात येतात हे खरे, पण पाणी साचण्याच्या जागाही वाढतात. वॉटर की (पाणी काढण्याची झडप) उघडून फुंकले की पाणी गेले, अशी आपली समजूत असते. मागच्या नळ्यांपर्यंत ती फुंकर पोहोचतच नाही. त्या छोट्या स्लाइड्स काढून स्वतंत्रपणे झटकाव्या लागतात. स्लाइड ओढताना तिचा व्हॉल्व्ह दाबून धरावा, नाहीतर आत निर्वात होऊन ओढाताण होते.

तेलाविषयी थोडक्यात सांगतो. पेट्रोलियमवर आधारित हलकी तेले चपळ असतात, पण लवकर उडून जातात. अल कास हे त्यांतले जुने आणि चांगले तेल आहे, तरी ते रोज वाजवणाऱ्यासाठी. सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी हेटमनसारखे मध्यम दाटपणाचे कृत्रिम तेल मी पसंत करतो. तेलाचा प्रकार बदलायचा असल्यास जुने पूर्णपणे धुऊन काढल्यावरच नवे घालावे. पिस्टन अर्धा वर ओढून, चार-पाच थेंब सगळीकडून लावून, खुणेची पट्टी खाचेत बसेपर्यंत हळूच फिरवून आत सोडावा. खालच्या टोपणाच्या भोकातून तेल घालण्याची सवय असल्यास ती सोडावी, कारण त्यासाठी वाद्य उलटे केले की टोपणात बसलेला सगळा गाळ पिस्टनवर येतो.

मंद्रसप्तक

खर्ज, मनःपूर्वक आभार. ग्रीस व्हॉल्व्हपर्यंत येऊ शकते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. आता ट्यूबाकडे वळतो. त्याचे चारही रोटर (व्हॉल्व्हमधले फिरणारे भाग) आज तरी मोकळे फिरत आहेत. मी ते आजवर कधीच उघडलेले नाहीत, मागच्या बाजूच्या चकतीसारख्या टोपणांच्या खाली काय आहे हेही पाहिलेले नाही. ते उघडून धुणे आवश्यक आहे काय?

फिरकीवाला

मोकळे फिरणारे रोटर केवळ पेटीत ठेवायचे आहेत म्हणून उघडू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी किंमत मोजून बनवलेले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या ट्यूबाचा दुसरा रोटर जड झाला, तेव्हा मी उत्साहाच्या भरात पेचकस मागून घालून बेअरिंगची चकती उचकटण्याचा प्रयत्न केला. चकती निघाली, पण तिरकी होऊन. परत बसवल्यावर रोटर फिरेचना, आणि चकतीच्या कडेला पेचकसाचा जो दात उमटला तो आजही दिसतो. ती चकती मागून ओढायची नसतेच. पुढच्या बाजूला स्टॉप आर्मचा (रोटरची फिरकी थांबवणाऱ्या दांड्याचा) स्क्रू काही आटे सैल करून, त्याच्या डोक्यावर मऊ हातोडीने हलके ठोकले की रोटरच चकतीला मागे ढकलतो. हे काम कोणी करताना प्रत्यक्ष पाहिलेले नसेल तर ते कारागिराकडे सोपवावे.

तेल मात्र आपल्याला उघडल्याविना घालता येते, आणि तीन ठिकाणी तीन प्रकारचे घालावे लागते. रोटरच्या अंगाला हलके तेल लागते. ते स्लाइड काढून नळीतून सोडावे, पण लांब सुईच्या बाटलीने, म्हणजे थेंब ग्रीस लागलेल्या भिंतीला न शिवता थेट रोटरवर पडतो. खर्ज यांनी सांगितलेला चिकटा ट्यूबात होतो तो बहुधा इथेच हयगय झाल्यामुळे. दुसरे ठिकाण म्हणजे रोटरच्या दोन्ही टोकांची बेअरिंगे. मागचे टोपण फिरवून काढावे, आसाच्या टोकावर जरा दाट तेलाचा एक थेंब टाकावा, आणि पुढच्या बाजूला स्टॉप आर्मच्या खाली, आस आत शिरतो तिथे, दुसरा टाकावा. तिसरे ठिकाण लिंकेजचे, म्हणजे बटण आणि रोटर यांना जोडणाऱ्या काड्यांचे, सांधे, त्यांना सर्वांत दाट तेल हवे. हे क्रम उलटे झाले की हलके तेल सांध्यांवर खडखडते आणि दाट तेल रोटरला जखडते.

टोपण काढलेच आहे तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. आसाच्या टोकावर आणि भोवतीच्या चकतीवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. व्हॉल्व्ह मोकळा असताना एक खूण जुळली पाहिजे आणि दाबल्यावर दुसरी. खुणा हुकत असतील तर रोटरला थांबवणारी बुचे किंवा रबराचे तुकडे दबलेले आहेत असे समजावे. ते बदलणे स्वस्त आणि सोपे आहे.

अवांतर: व्हिएन्नातल्या योझेफ रिडल यांचे रोटरी व्हॉल्व्हचे पेटंट आणि बर्लिनमध्ये वीपरेष्ट व मोरित्स यांनी घेतलेले ट्यूबाचे पेटंट, ही दोन्ही १८३५ चीच. गंमत अशी की त्या पहिल्या ट्यूबाला रोटरी व्हॉल्व्ह नव्हते, आखूड आणि जाड असे बर्लिनचे पिस्टन होते.

नवशिका_बास

रोटरमधले क्षार घरच्या व्हिनेगरने निघतात असे ऐकले आहे. ते करावे का?

फिरकीवाला

क्षार निघतात, पण आम्ल तिथेच थांबत नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्ल त्यातले जस्त आधी खाते आणि मागे गुलाबी डाग उरतात. कारागीर आम्लाचा वापर करतात तो मोजून-मापून, वेळ पाहून आणि नंतर ते पूर्ण धुऊन टाकून. घरी रात्रभर भिजत घालण्याचा प्रयोग करू नये.

खर्ज

पेटीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून पुन्हा येतो. धुतलेले वाद्य त्याच संध्याकाळी पेटीत बंद करू नये. बाहेरून कोरडे दिसले तरी आतल्या वळणांत ओल असते, म्हणून स्लाइड्स काढून एक-दोन दिवस हवेशीर जागेत राहू द्यावे, आणि तेल-ग्रीस त्यानंतर लावावे. पेटीच्या अस्तराला कुबट वास येत असेल तर वाद्य ठेवण्याआधी तीही उघडी टाकावी. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, डांबराच्या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. त्यांचा वास अस्तरात मुरतो आणि पुढे तोच आपल्या श्वासाबरोबर आत जातो. फेल्ट लोकरीचे असते आणि कसर त्यालाही लागू शकते, त्यामुळे गोळ्यांचा मोह का होतो ते मी समजू शकतो; पण स्वच्छ पेटी आणि अधूनमधून दाखवलेला उजेड एवढ्याने काम भागते. वाद्य चांदीच्या मुलाम्याचे असेल तर त्याला रबरबँड लावू नये, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

स्वरलिपीची पुस्तके पेटीत वाद्याच्या अंगावर ठेवण्याची आपणा सर्वांना खोड असते. पेटी मिटली की त्या पुस्तकांचा दाब व्हॉल्व्हच्या बटणांवर किंवा ट्यूबाच्या लिंकेजवर येतो. सहा महिने दबून राहिलेली स्प्रिंग आणि वाकलेली लिंकेजची काडी, दोन्ही माझ्या पाहण्यात आहेत.

आणि दर पंधरा दिवसांनी वाद्य बाहेर काढावे, वाजवायचे नसले तरी. प्रत्येक व्हॉल्व्ह वीस-पंचवीस वेळा सरळ खाली दाबावा, तिरका नव्हे, आणि स्लाइड्स बोटभर हलवाव्यात. तेल प्रत्येक वेळी घालण्याची गरज नाही; हाताला कोरडे घासल्यासारखे लागले तरच दोन थेंब पुरेत. एखादा व्हॉल्व्ह अडकलाच तर पकड लावू नये. पिस्टनच्या भोवती तेल सोडून रात्रभर थांबावे, मग खालचे टोपण काढून बोटाने खालून ढकलून पाहावे. नाही हलला तर तिथेच थांबावे.

मंद्रसप्तक

सर्वांच्या सल्ल्याप्रमाणे काम पार पाडले. युफोनियमच्या मागच्या छोट्या स्लाइड्स काढल्या तेव्हा वाद्य दहा दिवस न वाजवताही दुसऱ्या स्लाइडमधून पाणी निघाले, थेंब नव्हे, चांगली धार. त्या पाण्याला हिरवट रंग होता. ट्यूबाच्या चौथ्या रोटरची खूण साधारण एक मिलिमीटर हुकते आहे, म्हणून बुचे बदलून घेण्यासाठी तो कारागिराकडे दिला आहे. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून त्यावर पंधरवड्याच्या तारखा घालून ठेवल्या आहेत.

पितळवेडा

खर्ज यांचे म्हणणे पटल्यामुळे काल मीही कापडातले पिस्टन काढून केसिंगमध्ये परत बसवले. फुंकून पाहिले तर हवा पलीकडे जाईचना. अर्धा तास माऊथपीसपासून बेलपर्यंत कुठे काय अडकले आहे ते शोधत होतो. शेवटी पिस्टनवर कोरलेले आकडे पाहिले: दुसऱ्याच्या जागी तिसरा बसला होता.