समजतं सगळं, पण बोलता येत नाही. घरच्या बोलीचे अनुभव सांगा

तापीकाठची
काल स्टँडवर धुळ्याच्या गाडीसाठी थांबले होते, शेजारी दोन बाया बोलत होत्या, "गाडी उनी नही का वं आजून?" आणि मोठ्या मायची, म्हणजे आजीची, इतकी आठवण आली ना. आमच्याकडे आईबाबा आपसात अहिराणी आणि आम्हा पोरांशी मराठी, शाळेत कोणी हसायला नको म्हणून. मोठी माय अहिराणीत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायचे, तिच्या शेवटापर्यंत असंच चाललं. आता काकूशी फोनवर ठरवून बोलतेय. कानाला सगळं ओळखीचं आहे पण क्रियापदाशी जीभ अडते, 'मी जास' म्हणायचं असतं आणि 'जाते' निघून जातं. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी बोलायला लागलंय का? कसं जमलं?

भरीतपार्टी
आधी वर्तमानकाळ पक्का कर ताई. मी करस, तू करस, तो करस, ती पण करस. बाईमाणूस-पुरुषमाणूस फरकच नाही, मराठीपेक्षा सोपं शे. भूतकाळ नंतर बघू 😄

कुडाळ आजोळ
आमची मालवणी. गिरणगावात वाढलो, आजोळी गेलो की सगळे एकमेकांत मालवणी आणि माझ्याकडे वळले की पुस्तकी मराठी, मुंबईचा पोरगा म्हणून मान देत होते बिचारे पण त्यामुळेच तोंड उघडलं नाही. शेवटी मामीला सांगितलं, माझ्यावांगडा मालवणीतच बोल गो, मी अडखळलो तरी मराठीत वळू नको. तिने ते पाळलं. माझ्या मते शिकणाऱ्यापेक्षा समोरच्याने भाषा न बदलणं जास्त महत्त्वाचं, आणि लहान मुलांशी बोला, ती थांबून चुका काढत बसत नाहीत

सासर रावेर
लोक जळगावच्या सगळ्याच बोलीला अहिराणी म्हणतात, आमच्या यावल-रावेरकडची लेवा गणबोली वेगळी. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांच्या ओव्यांची बोली ही. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे पण घरातल्या पोरांना बोलता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

कावेरीकाठ
आमचं तंजावर मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं तेव्हापासून घराणी तिकडेच, घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ. आमच्या पिढीने घरातही तमिळच बोललं, मराठी फक्त आजीचं ऐकायचं. पुण्यात नोकरीला आल्यावर हिंमत करून बोलायला लागले तर हेल ऐकून दुकानदार हिंदीत उत्तर द्यायचे. मी तरी मराठीतच बोलत राहिले. कृपया कोणी हेल काढून मराठी बोलत असेल तर हिंदीवर जाऊ नका हो, त्या माणसाने खूप धीर गोळा केलेला असतो.

तापीकाठची
@कावेरीकाठ डोळ्यात पाणी आलं वाचून. @कुडाळ आजोळ काकूला आजच सांगते, ती पण मी अडले की लगेच मराठीत येते

नंदुरबारी
२०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच धरतात) मातृभाषा सांगणारे साधारण १८ लाख ६० हजार. आमच्या घरी सगळे अहिराणी बोलतात तरी मराठीच लिहिलं होतं, अशी घरं भरपूर असणार. पुढच्या वेळी खरी सांगा राव

नवी सून
मी गावाकडच्या बायकांत बसून शिकतेय. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सगळ्या जमतात, गाणी म्हणताना आपोआप तोंड उघडतं, एकटीला कोणी बघत नसतं ना. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर पण तेच. बोलणं मागून येतं

भरीतपार्टी
कानबाई म्हटलं की रोट आठवले. पुण्यात भाकरीसाठी कळण्याचं पीठ कुठे मिळतं का कोणाला माहितीये?

सासर रावेर
विकतचं नको हो, ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद, थोडं मीठ घालून गिरणीतून आणा. भाकरी गरम असतानाच ठेच्यासोबत.

नंदुरबारी
आणि वरून तेल. कच्चं तेल इसरू नका