अनुभव धागा: गाडीचं काम स्वतःच्या हातानं

गाडीचं एखादं काम गॅरेजला न देता स्वतः केलं असेल तर इथं लिहा. जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा. पैसे वाचतात हे आहेच. पण बिघडलेली गाडी इंधन जास्त खाते, आणि एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो. सुरुवात मी करते.

माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज हळूहळू पडत गेलं. आवाज नाही, दिवा नाही. फक्त अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नव्हता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याला गार करणारं कूलंट अडवून धरणारी झडप, उघडाच अडकला होता. इंजिन गार राहिलं की त्याला पेट्रोल जास्त सोडलं जातं. गाडी पूर्ण थंड होऊ दिली, मगच रेडिएटरचं झाकण उघडलं, कूलंट पसरट भांड्यात काढलं. पुढे दोन बोल्ट आणि एक रबरी रिंग, एवढंच काम. जुन्या थर्मोस्टॅटची झडप नखभर उघडी होती, अंगठ्यानं दाबली तरी मिटेना. कूलंट गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं. सांडलं तर लगेच पुसून घ्या.

———

मी फक्त टायरची हवा बघतो. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर गार असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा, तो धरू नका.

———

माझी गाडी चढावर मिसिंग मारायला, म्हणजे मधूनमधून इंधन न पेटल्यानं धक्के द्यायला लागली आणि इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. असा दिवा दिसला की गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. धूर स्वच्छ करणारा भाग तोच, आणि महागही तोच.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला कोड रीडर, म्हणजे बिघाडाचा कोड वाचणारं छोटं यंत्र, लावला. पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. आता ठिणगी पाडणारा प्लग की त्याला वीज पुरवणारी कॉइल? नवा भाग आणण्याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, एक चक्कर मारली. या वेळी पी०३०३. बिघाड कॉइलच्या मागोमाग गेला! एकच कॉइल बदलली आणि गाडी शांत झाली. अंदाजानं चारही कॉइल आणि चारही प्लग बदलले असते तर चांगले सात भाग फुकट भंगारात गेले असते, ही हळहळ मला पैशांपेक्षा मोठी वाटते.

———

माझा अनुभव फसलेला आहे, तरी सांगते. प्लग बसवताना घाईत सरळ पान्यानंच फिरवायला सुरुवात केली. तो तिरका शिरला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले. शेवटी मेकॅनिककडून नवे आटे बसवून घ्यावे लागले. आता पहिले काही फेरे बोटांनी, अजिबात जोर न लावता, आणि शेवटी टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, जेवढ्यास तेवढं. इंजिन गरम असताना प्लगला हातच लावत नाही.

———

एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत होतं. ब्रेकचं पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून अडकलेली, त्यामुळे पॅड सतत डिस्कला घासत होतं. म्हणजे ब्रेक लावूनच गाडी ओढत होतो. पिन साफ केली, ब्रेकचंच खास ग्रीस लावलं. चाक हातानं फिरवून पाहिलं तेव्हा ते सुटून फिरलं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना अडण लावा.

———

एअर फिल्टर बदलल्यानं अ‍ॅव्हरेज खूप वाढतं असं बरेच जण सांगतात. कार्बोरेटरच्या गाड्यांना ते लागू होतं. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तुंबलेल्या फिल्टरनं पिकअप जातो, अ‍ॅव्हरेजला विशेष फरक पडत नाही. तरी बदला, पाच मिनिटांचं काम आहे.

एसीचे पाइप मात्र घरी सोडू नका. जुन्या गाड्यांच्या एसीत गारव्यासाठी भरलेला आर-१३४ए वायू हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. तो यंत्रानं ओढून घ्यावा लागतो, आणि ते यंत्र गॅरेजमध्येच असतं. जळकं ऑइलही गटारात नको. मी ते रिकाम्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी चिकटवून, जुनं ऑइल घेणाऱ्यांकडे देतो. त्यात कूलंट मिसळलं तर ते घेत नाहीत, म्हणून दोन्हींचे कॅन वेगळे ठेवतो.