रात्री आकाश पाहताना मिळणारी स्पष्टता दिवसा का टिकत नाही?

प्रश्न – गच्चीवरचा सातारकर

नमस्कार. वडिलांच्या आजारपणामुळे पुण्यातील नोकरी सोडून मी साताऱ्याला परत आलो आणि तेव्हापासून बरोबरीचे लोक कोठे पोहोचले व आपण कोठे राहिलो, हा हिशेब मनात सतत चालू असतो. रात्री जेवणानंतर गच्चीवर आकाश पाहत बसलो की तो थांबतो. परतण्याचा निर्णय माझा होता आणि तो मला मनापासून मान्य आहे, हे त्या वेळी स्वच्छ दिसते. सकाळी पुन्हा तीच टोचणी सुरू होते. ही स्पष्टता खरी मानावी, की थकलेल्या मनाचा तो केवळ विसावा असतो? विश्वापुढे आपण क्षुद्र आहोत, असे स्वतःला बजावत राहिल्यास ती टिकेल काय?

उत्तर – माणदेशी

क्षुद्रतेचा आधार कृपया घेऊ नका. नुसत्या डोळ्यांना दिसणारी देवयानी दीर्घिका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. त्या अंतरापुढे तुमचे दुःख नगण्य ठरवायचे, तर वडिलांचे आजारपणही नगण्य ठरते, आणि ज्यासाठी तुम्ही परत आलात तेच नगण्य ठरल्यावर त्या निर्णयात मान्य करण्यासारखे उरते काय? स्वतःला स्वीकारणे वेगळे आणि स्वतःला मोडीत काढणे वेगळे.

उत्तर – निवृत्त शिक्षक, वाई

माणदेशी यांच्याशी मी सहमत आहे. आकाशाकडून घेण्यासारखे दुसरे काही आहे, पण त्यासाठी नुसते पाहत न बसता तारे ओळखायला शिकावे लागते. अंधाराला डोळे पुरते सरावण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी ती तयारी बरीचशी वाया जाते, म्हणून तो खालीच ठेवावा व विजेरीला लाल जिलेटिनचा कागद लावावा.

फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास मृग नक्षत्रातील एका रेषेतले तीन तारे शोधा. ती रेषा एका बाजूला व्याधाकडे आणि दुसऱ्या बाजूला तांबूस रोहिणीकडे नेते. व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजापासून फारसा वर नसलेला अगस्त्य दिसेल. (घर अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याशी असेल, तर किल्ला आड येण्याची शक्यता आहे, मग मोकळ्या माळावर जावे.) रात्रीच्या ताऱ्यांत व्याध सर्वांत तेजस्वी दिसतो आणि अगस्त्य दुसरा. प्रत्यक्षात व्याध सूर्याच्या सुमारे 25 पट तेजस्वी आहे, तर अगस्त्य 10,000 पटींहून अधिक. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर आहे आणि अगस्त्य सुमारे 310, एवढ्याच कारणाने क्रम उलटा दिसतो. अंतर ठाऊक नसताना दोन ताऱ्यांच्या तेजाची तुलना कोणताही निरीक्षक करणार नाही. तुम्ही बरोबरीच्यांशी स्वतःची तुलना करता, तेव्हा त्यांच्या घरची जबाबदारी, त्यांनी काय सोडले, काय धरले, यांतले तुम्हाला कितीसे ठाऊक असते? माझ्या मते, गच्चीवर तुमचा हिशेब थांबतो, कारण तेथे तुम्ही जे समोर आहे ते आहे तसे पाहता. त्या अर्थाने ती स्पष्टता पूर्णपणे खरी आहे.

उत्तर – कृष्णाकाठ, सांगली

सकाळच्या टोचणीबद्दल थोडे सांगते. रात्री जे स्पष्ट दिसले ते झोपण्यापूर्वी दोन ओळींत लिहून ठेवा आणि सकाळी तेच वाक्य वाचून त्यात खोटे काय आहे, ते शोधा. निर्णय उजेडातही पटला, तर टोचणी असली तरी तो बदलण्याचे कारण नाही. त्यातला एखादा भाग पटला नाही, तर तेवढ्यावर वडिलांशी बोला, कारण आजारी माणसालाही आपल्यामुळे मुलाने काय सोडले, याचे ओझे असतेच. मात्र झोप उडाली असेल किंवा सकाळी उठणेच नकोसे होत असेल, तर आकाशदर्शनावर विसंबून राहू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीतही बोलता येते.