स्वयंपाकघरातली जुनी कपाटं: रंग द्यावा की स्टेन करावं? मदत हवी आहे

कपाटं बारा वर्षांची झाली. सांगाडा ठणठणीत आहे, पण दारांचं पॉलिश मुठींभोवती काळवंडलंय आणि गॅसजवळची दारं कितीही पुसली तरी चिकट ती चिकटच. नवऱ्याला पांढरा रंग हवाय, कारण खिडकी एकच आणि तीही लहान. मला लाकडाचे रेषे दिसायला हवेत, म्हणजे जुनं पॉलिश उतरवून स्टेन (लाकडात मुरणारा, रेषे न झाकणारा रंग) आणि वर पारदर्शक पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) थर. पंधरा दिवस हाच वाद चाललाय. काम घरीच करणार आहोत. टिकाऊ काय आणि पुसायला सोपं काय? दारं लाकडाची असावीत, बाजू प्लायच्या, ड्रॉवरच्या पुढच्या फळ्या कशाच्या ते ठाऊक नाही.

प्रतिसाद १

ते ‘ठाऊक नाही’ आधी मिटवा, वाद नंतर. बिजागरीचे स्क्रू काढून तिच्या खळग्यात टॉर्च मारा. बारीक भुसा दाबल्यासारखं एकसारखं तपकिरी दिसलं तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी. थर दिसले तर प्लाय. रेषे आरपार गेलेले दिसले तर लाकूड. एमडीएफला रेषेच नसतात, त्यावर स्टेन म्हणजे नुसता मातकट डाग. रंग मात्र सुरेख बसतो. प्लायवर व्हिनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर हाताने, हलकेच घासा. ते बरेचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. मशीन जरा जास्त वेळ एका जागी राहिलं की खालचं प्लाय वर!

प्रतिसाद २

मी पांढरा रंग दिलाय. खोली उजळते, नवऱ्याचं खरं आहे. पण रंग लाकडावर बसतो, आत मुरत नाही, त्यामुळे कडांना टवके उडतात आणि पांढऱ्यावर ते लांबून दिसतात. धारदार कडा आधीच घासून किंचित गोल करा, तिथे रंग पातळ राहतो. चौकट-फळीचं दार असेल तर सांध्यांवर केसासारख्या चिरा येतील. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं-आकसतं, त्याला इलाज नाही. गाठी असतील तर शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारा. मी साधा मारला, सहा महिन्यांत प्रत्येक गाठीचा पिवळा डाग वर आला. आणि घासण्याआधी तेलकटपणा धुऊन काढा, नाहीतर तोच तेलकटपणा तुम्ही सँडपेपरने लाकडात घासत बसाल. (मी बसले होते.)

प्रतिसाद ३

स्टेनवाल्यांची बाजू मांडतो. ओरखडा पडला तरी रेष्यांत लपतो, तेवढ्या जागी थोडा स्टेन लावला की भागतं. मात्र मेहनत तयारीत आहे: जुनं पॉलिश राहिलं किंवा कुठे फेविकॉलचा थेंब सुकलेला असला, तर तिथे स्टेन मुरतच नाही आणि फिका ठिपका उरतो. १२० आणि मग १८० नंबरचा पेपर पुरे. फार गुळगुळीत केलं तर लाकूड रंग धरत नाही. पाईनसारखं मऊ लाकूड असेल तर चट्टे पडतात, आधी लाकडाच्या कंडिशनरचा (स्टेन सगळीकडे सारखा मुरावा म्हणून लावतात त्याचा) हात द्या. कुठलंही लाकूड असो, पहिला प्रयोग दाराच्या मागच्या बाजूला, तोही पीयूसकट. कोरडा स्टेन आणि पीयूखालचा स्टेन यात बराच फरक दिसतो.

शिवाय स्टेनवर उद्या रंग देता येतो. उलटं जायचं तर छिद्रांत बसलेला पांढरा रंग काढताना जीव जातो.

मूळ धागाकर्ती

टॉर्च मारून आले. दारं खरंच लाकडाची आहेत, गाठी दोनच. ड्रॉवर एमडीएफ! म्हणजे ड्रॉवरना रंग द्यावाच लागणार, तिथे नवरा जिंकला. दारांपैकी एकाची मागची बाजू घासून तीन छटांचे पट्टे ओढणार आहे. खालचे ड्रॉवर पांढरे आणि वर लाकूड, असं विचित्र दिसेल का?

प्रतिसाद २

नाही, उलट बरं दिसतं. शुभ्र मात्र घेऊ नका, लाकडाशेजारी निळसर वाटतो. किंचित मलईकडे झुकणारा घ्या. आणि पाण्यातला रंग हाताला तासाभरात कोरडा लागला तरी पक्का व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर ड्रॉवर दणकन लावू नका.

प्रतिसाद ३

एक राहिलंच. स्टेन तेलाचा असेल तर पुसलेली फडकी बोळा करून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर सुटी पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकण लावून ठेवा.